मनकर्णाची मांडणी

फोन आला तेव्हा मी नंदलालच्या घरावर होतो. कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचं काम सुरू होतं, अर्धं छप्पर उघडं झालं होतं. माझा फोन खाली ओसरीत शर्टाच्या खिशात होता, तो नंदलालच्या बायकोनं उचलला. तिनं ऐकलं, पण मला हाक मारली नाही. नंदलालला शेतातून बोलावून आणलं. मला वरून दिसत होतं, दोघं अंगणात उभे राहून बोलत होते आणि वर पाहत नव्हते. मग नंदलाल म्हणाला, "देवचंदभाऊ, खाली उतरा जी. हळू उतरा."

मी म्हणालो, "काऊन? ही ओळ राहिली ना अजून."

"राहू द्या ती ओळ."

त्यानं शिडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. इतकी वर्षं मी लोकांचे कवेलू फेरतो, माझी शिडी कधी कोणी धरली नव्हती. मी खालच्या पायरीवर आलो तेव्हा त्यानं सांगितलं. मनकर्णा गेली. सालेकशाला, भावाच्या घरी, सकाळी चूल पेटवायला वाकली ती तिथंच कलंडली. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच संपलं आहे.

मनकर्णा माझी बायको. आदल्या दिवशीच ती गाडीनं सालेकशाला गेली होती आणि दुसऱ्या दिवशी परत येणार होती. आपल्या आईचं एक जुनं लुगडं आणायला गेली होती. ते तिला गोधडीसाठी पाहिजे होतं.

त्या गोधडीचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमची एकच मुलगी, चेतना. गोंदियाला दिली आहे. जावई राहुल तिथं राईस मिलमध्ये मशीनवर आहे. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोनदा राहिलं ते टिकलं नाही. या खेपेला पाचवा महिना पार पडला तेव्हा मनकर्णानं जुन्या कपड्यांची पेटी उघडली. आधी शिवून ठेवलं की नजर लागते वगैरे ती मानत नव्हती. पण तोवर पेटी उघडली नव्हती, हेही खरं. आमच्याकडे पहिल्या बाळाची गोधडी आईची आई शिवते. बाळ घरी आलं की पहिल्यांदा त्याच गोधडीवर टाकतात.

गोधड्या सगळ्याच बाया शिवतात. गावात बहुतेक जणी शिवता शिवता ठरवतात, हाताला येईल तो तुकडा लावतात. मनकर्णाचं तसं नव्हतं. सुई हातात घ्यायच्या आधी ती पूर्ण गोधडी जमिनीवर मांडायची. पुठ्ठ्याचं एक चौकोनी माप होतं, त्या मापानं कापड कापायची. मग दोन रंगांचे तिरपे तुकडे टाका न घालता एकमेकांना नुसते लावून एकेक चौक करायची. गवंडी लोक करतात तशी सुतळी चुन्याच्या पाण्यात बुडवून जमिनीवर झटकायची, त्यानं सरळ रेघा पडायच्या. त्या रेघांवर चौक ठेवत जायची. पंखा बंद करायची. तरी दारातून वारा येतोच, म्हणून प्रत्येक चौकावर फुटक्या कवेलूचा एक खडा. खडे मी आणून द्यायचो. माझ्या कामात फुटके कवेलू रोजचेच.

आमच्या घरात मोठी खोली एकच. गोधडी मांडलेली असली की आम्ही दोघं ओसरीत झोपायचो. रोज ती थोडं इकडचं तिकडं करायची. पण खाली बसून मांडणाऱ्याला गोधडी दिसत नाही, समोरचे चार चौक तेवढे दिसतात. म्हणून ती मला वर चढवायची. शिडी माळ्याच्या फळीला टेकवायची आणि म्हणायची, "चढा न जी. पाहून सांगा."

मी चढायचो आणि सांगायचो. "दोन पिवळे जवळ आले."

"कुठं?"

"खिडकीकडच्या ओळीत."

"ओळीत कुठं म्हन्तो मी," ती म्हणायची. "डोळे लोकाच्या छपरावरच ठेवून आले का?"

"तुझ्या डाव्या हाताशी."

"माझा डावा का तुमचा डावा?"

असं आमचं चालायचं. मी चूक सांगायची, तिनं बदलायची, पुन्हा मी चढायचं. मला शिवणातलं काही समजत नाही. पण छपरावर उभं राहिलं की कुठली ओळ वाकडी गेली ते मला लगेच दिसतं, तेच इथं कामाला यायचं. ती म्हणायची, "तुमाले एवढंच येते, पन ते बरं येते."

तिचे काही नियम होते. एकाच कापडाचे दोन चौक एकमेकांना लागायचे नाहीत. बुद्धविहारात जायच्या पांढऱ्या कपड्यांचे तुकडे पायाकडे जायचे नाहीत. चेतनाच्या लहानपणीच्या फ्रॉकचे तुकडे डोक्याकडे. एवढं मला पक्कं ठाऊक आहे. बाकी सगळं ती पाहून ठरवायची. मधोमध एक मोठा चौक होता, तो तिनं रिकामा ठेवला होता. तिथं आईचं लुगडं येणार होतं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की बाळाच्या पाठीला तेच पाहिजे, असं तिचं म्हणणं.

सालेकशाला जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं मला वर चढवलं. मी पाहिलं. नीट पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सांगायला काही सापडेना.

"बोला न," ती म्हणाली.

"काई नाई."

"काई नाई म्हंजे?"

"बरोबर आहे. कुठंच खटकत नाई."

"खरंच? का जेवाची घाई झाली?"

"खरंच म्हन्तो ना."

ती उठून भिंतीला टेकून उभी राहिली आणि स्वतः पाहत राहिली. म्हणाली, "मंग आता हात लावू नका कोनी. लुगडं आणतो, मधात टाकतो अना सुई घेतो."

इतकंच. सकाळी मी तिला गाडीवर बसवून दिलं.

आता पुढचं.

नंदलालनं गावातली एक चारचाकी ठरवली आणि आम्ही दोघं सालेकशाला निघालो. निघताना शेजारच्या अनुसयाबाईला म्हणालो, "घर पाहा, आम्ही तिले घेऊन येतो." अनुसयाबाई म्हणजे मनकर्णाच्या जोडीची. दोघी धानाच्या रोवण्याला शेताच्या एकाच बांधीत उभ्या राहायच्या. ती रडत होती आणि मान हलवत होती. मांडलेल्या गोधडीचं तिला मी काही सांगितलं नाही. सांगायचं सुचलंही नाही, आणि सुचलं असतं तरी त्या वेळी कोणी चिंध्यांचं बोलतं का?

सालेकशाला खेमराजच्या अंगणात मनकर्णाला ठेवलं होतं. खेमराज तिचा धाकटा भाऊ. तो माझ्या गळ्यात पडला आणि एकच म्हणत राहिला, "भाऊजी, चांगली होती जी. राती पोटभर जेवली. हासली." त्याची बायको अल्का आत होती. मनकर्णाची पिशवी तिनं उघडली होती. बाईमाणूस नवऱ्याच्या आधी गेलं तर तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायचं असतं. आम्ही बौद्ध लोक, वरून पांढरं कापड टाकतो, पण आतून माहेरचं असावं असं बाया अजून पाहतात. इतक्या घाईत नवं आणायला दुकानात कोण जाणार. अल्कानं पिशवीतून तेच लुगडं काढलं, सासूचं. रात्रीच तिनं स्वतः घडी घालून मनकर्णाच्या पिशवीत ठेवलं होतं.

अल्का मला म्हणाली, "भाऊजी, हे नेसवू का? तिच्या मायचंच आहे. यापरीस माहेरचं अजून काय राहते?"

मी हो म्हणालो. आजही कोणी विचारलं तरी हो म्हणेन. तिच्या अंगावर ते चांगलं दिसलं.

परत येताना गाडीत मी तिच्या डोक्याशी बसलो होतो. देवरीच्या पुढं रस्ता खराब आहे, तिथं मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. नंदलाल पुढं बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही आणि बोलला नाही, त्याचं मला बरं वाटलं.

गावात पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. चेतना आणि राहुल गोंदियाहून आले होते. मोठी खोली सारवून तयार होती. ओल्या शेणाचा वास येत होता. मधोमध चटई टाकलेली, उशाशी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, मेणबत्त्या. मनकर्णाला तिथं ठेवलं. मी भिंतीशी बसलो. बरंच झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी जमिनीकडे पाहतो आहे आणि जमिनीवर एकही रेघ नाही.

संध्याकाळी अग्नी दिला. लुगडं तिच्यासोबत गेलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. त्यानंतर मी अनुसयाबाईला विचारलं, "इथं मांडून ठेवलं होतं, ते?"

"ठेवलं आहे जी, सगळं ठेवलं आहे. एक तुकडा हालला नाई." तिनं कोनाड्यातून गाठोडी आणून माझ्यासमोर ठेवली. एकेका रंगाचं वेगळं गाठोडं होतं. निळ्याचं निळं, पिवळ्याचं पिवळं, पांढऱ्याचं पांढरं. प्रत्येकाला कापडाच्याच पट्टीनं गाठ. जोडीनं ठेवलेले तिरपे तुकडेही सुटे करून आपापल्या रंगात टाकले होते. कवेलूचे खडे धुऊन एका टोपलीत भरले होते.

ती म्हणाली, "असंच गोळा करून कोंबनार होती, मंग म्हटलं, मनकर्णाले कोंबलेलं आवडत नाई. बसून रंगवार लावले. रडतही होती अना लावतही होती."

 कोंबलं असतं तर थरावर थर राहिले असते, काहीतरी पत्ता लागला असता. हे तिला मी सांगितलं नाही. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि तिला समजलं. म्हणाली, "का झालं जी? चुकलं का मायं?"

"नाई. चांगलं ठेवलं."

"मंग तोंड काऊन असं केलं?"

"बाई, मांडणी गेली."

ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मनकर्णा गेली त्या दिवशी रडली त्याहून जास्त रडली. मला तिला समजवावं लागलं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. राहुलला मिलवर जायचं होतं, तो गेला. चेतना राहिली. मी सुतळी चुन्यात भिजवली आणि रेघा मारल्या. मनात एकच होतं. बाळ यायच्या आधी तिनं मांडली होती तशी मांडायची, मग शिवायला कोणीही बसेल. शिवणं अनुसयाबाईलाही येतं. मांडणी तिलाही येत नाही आणि मलाही येत नाही, पण मी ती पाहिली होती. पाहिलेलं माणूस विसरतं का, असं मला वाटत होतं.

पहिल्या दिवशी चौक भराभर बसत गेले. डोक्याकडे फ्रॉकची फुलं. त्यांच्या बाजूला माझ्या खाकी शर्टाचं. त्याच्या खाली तिची हिरवी साडी. हात आपोआप चालत होता. चेतना खाटेवर बसून पाहत होती, म्हणाली, "बाबा, तुमाले तं सगळं आठवते."

मी शिडी लावली आणि वर चढलो. खाली पाहिलं तर ओळखीचं वाटलं. अगदी पाहिलेलं. मला इतका आनंद झाला की मी वरूनच हसलो. मग दिसलं की खिडकीकडे दोन पिवळे जवळ आहेत. हे मी पाहिलेलंच होतं, आणि पाहून तिला बदलायला लावलं होतं.

मी उतरलो. पिवळा हलवला. पण तो तिनं हलवून कुठं नेला होता? तो जिथं गेला तिथला कुठं गेला? मी एक हलवला की दुसरा हलवावा लागायचा. संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं बसवलं, पुन्हा वर चढलो. पुन्हा ओळखीचं. या वेळी पायाकडे दोन गडद ओळी एकाखाली एक आल्या होत्या. हेही मी तिला सांगितलं होतं. "पायाकडे जड झालं," असं म्हणालो होतो आणि ती म्हणाली होती, "जड म्हंजे का जी, वजन करून पाहिलं का?"

असं रोज होत गेलं. जे आठवायचं ते मी चूक म्हणून दाखवलेलं असायचं. चूक दिसली की मी बोट दाखवायचो, ती जागा विचारायची, भांडायची, म्हणून ते डोक्यात पक्कं बसलं. शेवटच्या दिवशी चूक नव्हती. बोट ठेवायला जागाच नव्हती. ते सगळं बरोबर होतं एवढंच मला आठवतं. कसं होतं ते आठवत नाही.

चेतनाला मी हे सांगितलं. ती विचार करत बसली, मग म्हणाली, "बाबा, आई मले व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. राहुलनं तिचा फोटो काढला होता त्याच्यात. ती हासून राहिली होती म्हनून."

तिनं राहुलला फोन लावला. राहुल गोंदियाचा, घरी हिंदीच बोलतो. "हाँ, है ना, भेजता हूँ," म्हणाला. तो फोटो येईपर्यंत आम्ही दोघं फोनच्या अंगावर बसल्यासारखे बसलो होतो. गावात नेट हळू चालतं. फोटो आधी धुरकट आला, मग साफ झाला.

मनकर्णा हसत होती. फोन तिनं वरून धरला होता, त्यामुळे तिचं कपाळ मोठं दिसत होतं. तिच्या खांद्याच्या मागं जमिनीचा एक कोपरा होता. चेतनानं बोटांनी तो मोठा केला. चौक दिसत होते. वरचे खडेसुद्धा दिसत होते.

"पाहा, पाहा," ती म्हणाली, "हा कोपरा तं भेटला. खिडकीकडचा आहे. इथून पुढं लावत जाऊ."

मी पाहिलं.  मग म्हणालो, "हे चुकीचं आहे."

"चुकीचं कसं? फोटो आहे बाबा!"

"दोन पिवळे पाहा. जवळ आहेत. हा आधीचा आहे. मी सांगितलं अना मंग तिनं बदलवलं."

"तुमाले पक्कं आठवते?"

"हेच तं पक्कं आठवते."

चेतनानं फोन उलटा करून खाटेवर ठेवला. म्हणाली, "मंग असेच राहू द्या ना दोन पिवळे. आईनंच ठेवले होते ना ते? कोनी दुसऱ्यानं तं नाई ठेवले."

ती चुकीचं बोलत नव्हती. पण मनकर्णानं तो चौक उचलला होता, मी पाहत असताना उचलला होता. तिनं काढून टाकलेलं मी पुन्हा कसं ठेवू? मी चेतनाला म्हणालो, "पाहू." ती समजली की मी नाही म्हणतो आहे. तिचा स्वभाव आईवर गेला आहे. म्हणाली, "तुमी दोघं सारखेच. एक मांडत बसे, एक वरून चुका काढत बसे. बाळ उघड्यावर झोपंन तवरी."

मग तिला वाईट वाटलं आणि तिनं मला चहा करून दिला.

दिवस भरत आले तसं राहुल येऊन तिला गोंदियाला घेऊन गेला. बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण माहेरी आता करणार कोण? मी चूल पेटवतो, भात शिजवतो, पण बाळंतिणीचं मला जमणार नाही. दोन वेळा गर्भ गेलेली पोरगी, दवाखाना जवळ असलेला बरा. तिची सासू चांगली आहे. गाडीत बसताना चेतना म्हणाली, "बाबा, रोज वर चढू नका. शिडी धराले कोनी नाई." मी हो म्हणालो.

ती गेल्यावर अनुसयाबाई रोज येऊ लागली. दारात उभी राहून पाहायची. एकदा आत येऊन बसली. म्हणाली, "देवचंदभाऊ, मी खूप आठवून पाहिलं. मी दाराकडून उचलत गेली होती. हाताशी पहिला आला तो निळा होता."

"कोणता निळा? चेतनाच्या शाळेच्या ड्रेसचा का माझ्या लुंगीचा?"

"निळा होता एवढं आठवते."

"त्याच्या जोडीले काय होतं?"

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "हिरवा असंन. का जांभळा असंन. मी त्या दिवशी काय पाहून राहिली होती जी? घरात मानसं घुसून राहिली, कोनी म्हणे शेण आना, कोनी म्हणे चटई आना, गाडी आमगावले पोचली म्हणे. मले वाटलं ते येतीन अना जागाच नसंन."

"तुझं काई चुकलं नाई बाई."

"ते तुमी रोज म्हन्ता. रोज म्हन्ता म्हनून मले झोप येत नाई."

मी त्या दिवसापासून तसं म्हणायचं बंद केलं.

चेतनाला मुलगी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात, पावसाळ्यात. दोघी सुखरूप आहेत. मी जाऊन पाहून आलो. पोरीचे केस दाट आहेत आणि झोपेत ती कपाळाला आठ्या घालते. तिला दुकानातून आणलेल्या एका जाड, गुळगुळीत चादरीत गुंडाळलं होतं. चादरीवर अस्वलाची चित्रं होती. चेतनाच्या सासूनं विचारलं, "समधीजी, नानी की गोदड़ी?" सहज विचारलं, टोमणा नव्हता. चेतना मध्येच बोलली, "आ रही है मम्मी, बाबा बना रहे हैं." खोलीत दुसऱ्या दोन बाळंतिणी होत्या, त्यांच्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. म्हातारा माणूस गोधडी शिवतो असं त्यांना वाटलं असावं.

निघताना चेतना हळू आवाजात म्हणाली, "बाबा, जशी होईल तशी होऊ द्या. वाकडी झाली तरी चालते. तिले काय समजते?"

"तिले नाई समजत."

"मले समजते. मी म्हन्तो चालते."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी पकडली.

गावी आलो त्याच दिवशी अनुसयाबाईला बोलावलं. चेतनानं म्हटल्याप्रमाणे करून टाकू, असं ठरवून आलो होतो. जमिनीवर त्या वेळी जी मांडणी होती ती वाईट नव्हती. कापडाला कापड लागत नव्हतं, पांढरं पायाकडे नव्हतं, पिवळे दूर होते. मधली जागा तेवढी रिकामी होती. तिथं मनकर्णाच्याच एखाद्या साडीचा तुकडा टाकता आला असता. अनुसयाबाईनं घरून दोन सुया आणि दोऱ्याचं रीळ आणलं. खाली बसली, चष्मा लावला, सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "सांगा. कोनत्यापासून सुरू करू?"

मी शिडीवर चढलो. म्हटलं, एकदा पाहून घेतो. खाली पाहिलं. खटकलं असं काही नव्हतं. पण हे तिनं मांडलेलं नाही, हे मला त्याच क्षणी समजलं. ते कसं समजलं ते मला सांगता येणार नाही. हे माझं होतं. मी नियम पाळून लावलेलं होतं, कवेलू लावतो तसं, कुठून पाणी गळू नये एवढंच पाहून. तिनं मांडलेलं दिसलं तर मी ओळखेन, याची मला खात्री आहे. पण ते पुन्हा माझ्यासमोर मांडणारं कोणी नाही.

खालून अनुसयाबाई म्हणाली, "बोला न भाऊ. कोनता घेऊ?"

तिच्या हातात सुई होती. मी वरून म्हणालो, "थांब."

"थांबतो," ती म्हणाली. बराच वेळ थांबली. मग दोरा सुईत तसाच ठेवून सुई आपल्या पदराला टोचली आणि उठली. म्हणाली, "देवचंदभाऊ, एक बोलू? राग नका मानू. तुमी गोधडी नाई मांडून राहिले. तुमी तिले मांडून राहिले. ते होत नसते जी."

मी म्हणालो, "मले मालूम आहे."

"मंग?"

"मंग काई नाई."

ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा डब्यात भाजी घेऊन आली आणि गोधडीचं बोलली नाही.

चेतनाचा दर दोन-चार दिवसांनी फोन येतो. पोरगी दाखवते. आता ती आवाजाकडे मान वळवते. चेतना गोधडीचं विचारत नाही, मीही काढत नाही. चौक अजून जमिनीवर आहेत आणि मी ओसरीत झोपतो. मधल्या चौकाला कोणतं कापड लावायचं ते ठरलेलं नाही. कोणता चौक कुठं जायचा तेही ठरलेलं नाही. खालचं अस्तर कापायचं आहे, आणि एकही टाका घातलेला नाही.